दसऱ्याचा चौथरा

कुंदा भोईटे हिनं दिवस बघितल्याशिवाय आयुष्यात एकही मोठं काम सुरू केलं नव्हतं. जर्मनीत एर्लांगेनला येऊन सव्वीस वर्षं झाली, तरी त्यात फरक पडला नव्हता. किंडरगार्टनच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, सोमवारी या. कुंदानं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये गुरुवार मागून घेतला. का, असं विचारलं तर म्हणाली, सोमवारी पाहुणे आहेत. खरं कारण सांगून त्या बाईंना काय कळणार होतं? घराच्या किल्ल्या घेतल्या त्या पाडव्याला, नोटरीकडची तारीख दोनदा बदलून. तिचा नवरा विलास चारचौघांत म्हणायचा, "हिच्या हातात बसचं टाइमटेबल द्या, त्यातही राहुकाळ शोधून काढेल."

हसून म्हणायचा. चिडून कधी नाही. आणि कुंदाही काही कुणाला उपदेश करणाऱ्यांतली नव्हती. सकाळी दिवा, गुरुवारी उपास, कामाला निघताना दत्ताच्या फोटोला हात. तेवढं झालं की दिवसभर ती मुलांचे बटाटे उकडायला मोकळी.

त्यांचं घर रांगेतलं शेवटचं. तळघरात गॅसचा बॉयलर, आधीच्या मालकानं सत्तावीस वर्षांपूर्वी बसवलेला. दरवर्षी धुराडं तपासायला येणारा माणूस त्याच्याकडे बघून मान हलवायचा. गेल्या वर्षी त्यानं स्पष्टच सांगितलं, "हा फार दिवस टिकायचा नाही." विलास स्वतः इंजिनियर. त्याला ते आधीच कळलं होतं. पण त्याच्या डोक्यात दुसराच हिशोब चालू होता.

दोन वर्षांपूर्वी विलासच्या हृदयात स्टेंट बसला होता. डॉक्टर म्हणाले, कामाचा भार कमी करा. कंपनीत एकसष्टाव्या वर्षी अर्धवेळ होण्याची सोय होती, फॉर्म आणून त्यानं कपाटाच्या खणात ठेवला होता. एप्रिलपासून अर्धं काम, पगारही कमी. घराच्या कर्जाची शेवटची वर्षं त्यात बसत होती, बॉयलर मात्र बसत नव्हता. जुना बॉयलर काढून हीट पंप बसवला तर सरकारकडून साडेसोळा हजार युरो परत मिळणार होते. ते मिळाले तर सगळं जमत होतं. विलासनं ते कागदावर मांडून दाखवलं आणि खाली रेघ ओढली. "अनुदान आलं की मी सही करतो," तो म्हणाला. "नाही आलं तर पूर्ण वेळ, अजून तीनचार वर्षं."

हीट पंप म्हणजे काय ते कुंदाला त्यानं एका वाक्यात समजावलं होतं. उलटा फ्रीज. बाहेर अंगणात एक पेटी, कपाटाएवढी. ती थंडीतल्या हवेतूनसुद्धा ऊब ओढून घेते आणि घरात सोडते. कुंदाला ते पटलं. थंडीतही ऊब असते, ती ओढून घेता आली पाहिजे, एवढं तिला कळत होतं.

"बसवायचा तर देवदत्तकडूनच," ती म्हणाली.

देवदत्त काळे हा तिचा मानलेला भाऊ. सतरा वर्षांपूर्वी इस्लामपूरहून इथं शिकायला आला, तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत अंगात ताप घेऊन उभा होता. कुंदा कराडची. बोलण्यातला हेल ऐकून तिनं मान वळवली. "कुठला रं तू?" म्हणाली. त्या रात्री त्याला घरी आणून मऊ भात घातला. मग दर रविवारी तो जेवायला येऊ लागला. पहिल्या भाऊबिजेला तो दारात घुटमळत होता, कुंदानं पाट मांडला आणि म्हणाली, "माझा भाऊ तिकडं कराडला, तुझी बहीण तिकडं इस्लामपूरला. दोघांचीही अडचण झालीय. बस." तेव्हापासून ती ताई, विलास दाजी. त्याचं लग्न ठरलं तेव्हा वल्लरीचा फोटो आईवडिलांआधी कुंदाला दाखवला होता. दोन वर्षांपूर्वी न्युरेम्बर्गमधली नोकरी गेली आणि तो फोर्शहाइमकडच्या एका हीटिंगच्या कंपनीत लागला. लोकांच्या घरी जायचं, मोजमाप घ्यायचं, हीट पंप सुचवायचा, करार करून घ्यायचा, हे त्याचं काम.

मुलगी उर्जा हॅनोव्हरला शिकत होती. फोनवर तिला हे सांगितलं तर ती नेहमीसारखी जर्मनमध्ये सुरू झाली. तीन कंपन्यांकडून भाव मागव, सगळं लेखी घे, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नको.

"अगं, देवामामा आहे तो," कुंदा म्हणाली.

"गेनाऊ," उर्जा म्हणाली, म्हणजे तेच तर. "आई, मामाकडून पण लेखी घेतात."

कुंदाला ते बोलणं लागलं. इथं वाढलेल्या मुलांना माणसापेक्षा कागद जवळचा वाटतो, असं ती मनाशी म्हणाली आणि फोन ठेवला.

राखीपौर्णिमेला देवदत्त आणि वल्लरी आले. राखी बांधून झाली, पुरणपोळी झाली, ताटं उचलली आणि त्याच टेबलावर देवदत्तनं कराराचे कागद काढले. विलासनं चष्मा लावला. तो सरकारी माहितीपत्रक वाचून बसला होता, त्यावर बोट ठेवून म्हणाला, "देवदत्त, यात एक अट आहे. आधी अर्ज, मग काम. अर्ज जाण्याआधी जागेवर कुदळ पडली तर अनुदान गेलं."

"दाजी, रोज हेच करतो मी," देवदत्त हसला. "ताईच्या नावानं सरकारी बँकेच्या साइटवर खातं उघडून देतो. आमच्याकडून एक दाखला लागतो, तो मी काढतो, अर्जही मीच भरतो. तुम्ही फक्त सही करा आणि अजून एक पोळी वाढायला सांगा."

"पोळ्या संपल्या," कुंदा म्हणाली. "मघाशी सहावी कुणी खाल्ली?"

सगळे हसले. दोघांनी सह्या केल्या. उर्जानं सांगितलेले तीन भाव कुणी मागवले नाहीत.

सप्टेंबरच्या शेवटी देवदत्तचा फोन आला. पेटी ज्यावर बसते तो सिमेंटचा चौथरा करणारी माणसं याच आठवड्यात मोकळी आहेत, दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं तारीख रद्द केली. कुंदानं भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. गुरुवार, दोन ऑक्टोबर. विजयादशमी. गुरुवार आणि दसरा एकाच दिवशी. तिच्या अंगावर काटाच आला.

"देवा, दसरा आहे रे त्या दिवशी."

"मग काय, ताई, मुहूर्त चालून आलाय," तो म्हणाला.

संध्याकाळी विलासनं विचारलं, "अर्ज गेला का? ते विचार आधी." कुंदाला मोबाइलवर मराठी टाइप करायचा कंटाळा. तिनं आवाजाचा निरोप पाठवला. "देवा, हे विचारतायत, अर्ज गेला का? अर्जाआधी कुदळ मारायची नाही म्हणतायत. नसेल गेला तर सांग, मी दसरा सोडते. दिवाळीत पाडवा आहेच." दहा मिनिटांत त्याचं उत्तर आलं. तेही आवाजातच, मागं गाडीचा इंडिकेटर टिकटिक करत होता. "ताई, अर्ज गेलाय. बिनधास्त करा मुहूर्त. मी आहे ना."

कुंदानं ते विलासला ऐकवलं. विलास म्हणाला, "ठीक आहे मग."

दसऱ्याला तिनं सुट्टी घेतली. पहाटे उठून शिरा केला. आपट्याची पानं इथं मिळत नाहीत. विद्यापीठाच्या बागेत गिंकगोचं झाड आहे, त्याची पानं बरीचशी आपट्यासारखी, मधे चिरलेली, आणि ऑक्टोबरात पिवळी व्हायला लागतात. दरवर्षी कुंदा खाली पडलेली वेचून आणायची, मंडळातल्या बायका आता तिच्याकडूनच न्यायच्या. आठ वाजता छोटा ट्रक आला. मारेक नावाचा पोलंडचा उंच माणूस आणि त्याचा जोडीदार उतरले. मागून देवदत्त त्याच्या गाडीतून.

कुंदानं त्यांची फावडी, लेव्हल, ड्रिल एका ओळीत मांडायला सांगितलं. आज अवजारांची पूजा असते, एवढं देवदत्तनं त्यांना समजावलं. तिनं एकेकाला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. ड्रिलला लावताना मारेक म्हणाला, "याला जरा जास्त लावा, तीन दिवस झाले अडकतोय." देवदत्तनं कुदळ हातात घेतली, मारेकनं नव्हे, त्यानंच पहिला घाव घातला. "ताईचा भाऊ आहे, मान माझा," म्हणाला. खड्डा झाला, खडी पडली, काँक्रीट ओतलं. ओल्या काँक्रीटवर कुंदानं काडीनं श्री काढला. स्वस्तिक काढायचं नाही, हे इतक्या वर्षांत तिच्या हातालाही समजलं होतं. शिरा खाऊन माणसं गेली. जाताना देवदत्तनं तिच्या हातात गिंकगोचं पान ठेवलं, वाकून नमस्कार केला. "सोन्यासारखे राहा, ताई."

पुढच्या बुधवारी ती किंडरगार्टनमध्ये लाल भोपळा चिरत होती. देवदत्तचा फोन आला. "ताई, तुमच्या मोबाइलवर एक कोड आला असेल, तेवढा वाचा." तिनं ओल्या बोटानं मोबाइल धरून सहा आकडे वाचले. "कशाचा रे?" "काही नाही, खात्याचं आहे," तो म्हणाला. ती पुन्हा भोपळ्याकडे वळली.

आठवड्याभरात सरकारी बँकेचं पत्र आलं. अनुदान मंजूर. काम झालं की बिलं पाठवा, तपासून पैसे देऊ. विलासनं ते दोनदा वाचलं आणि खणातला फॉर्म वर काढून ठेवला. भाऊबिजेला देवदत्त आला, तेव्हा कुंदानं त्याला दोनदा ओवाळलं. एकदा रीतीनं आणि एकदा, म्हणाली, "दाजींच्या वतीनं." तो पाटावर मान खाली घालून बसला होता. लाजलाय, असं तिला वाटलं.

नोव्हेंबरात चौथऱ्यावर पेटी बसली. जुना बॉयलर तुकडे करून तळघरातून वर नेला. काम चोख झालं, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. घर असं सारखं उबदार कधी नव्हतं. रात्री खिडकीशी उभं राहिलं तर पेटीचा आवाज कुणी झोपेत श्वास घेतोय तेवढाच. डिसेंबरात बिल आलं, देवदत्तनं सांगितलं तसं उर्जानं सुट्टीत घरी आल्यावर ते बँकेला पाठवलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. विलास उभ्यानं वाचू लागला आणि मग खुर्ची ओढून बसला.

बिलात पहिलीच ओळ होती, चौथऱ्याचं खोदकाम आणि काँक्रीट, दोन ऑक्टोबर. अर्ज दाखल झाल्याची तारीख होती आठ ऑक्टोबर. काम अर्जाआधी सुरू झालं असल्यामुळं अनुदान देता येत नाही.

"आठ ऑक्टोबर," कुंदा म्हणाली. "अहो, कसं शक्य आहे? त्यानं तर..."

ती थांबली. तिला भोपळा आठवला. ओलं बोट आठवलं. सहा आकडे. तो बुधवार होता, आठ तारीख. दसरा होऊन सहा दिवस झाले होते.

विलासनं पत्राची घडी घातली. चिडला असता तर बरं झालं असतं. "चहा टाक," एवढंच म्हणाला. चहा पिऊन उठला आणि टेबलावरचा फॉर्म पुन्हा खणात ठेवून आला. खण बंद झाल्याचा आवाज कुंदाला स्वयंपाकघरात ऐकू आला.

तिनं देवदत्तला फोन केला. त्यानं उचलायला वेळ लावला.

"विसरलो, ताई," तो म्हणाला. "विसरलो म्हणजे, कागदांचा ढीग होता. दाखलाच काढायचा राहिला होता. मला वाटलं, एकदोन दिवसांचा फरक, कोण बघतंय."

"मग अर्ज गेलाय असं का म्हणालास? मी दसरा सोडते म्हणाले होते."

"माणसं मोकळी बसली असती, ताई. त्यांच्या दिवसाचा जाब मला द्यावा लागतो." मग त्याचा आवाज एकदम कामाला लागला. "ऐका ना, यातून मार्ग आहे. मी बिल दुरुस्त करून घेतो. तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्यायचं, की दोन तारखेला खोदकाम झालं नाही, त्या दिवशी नुसती पूजा होती. धार्मिक विधी. त्याला कोण काय म्हणणार? फोटोसुद्धा आहेत आपल्याकडे."



"म्हणजे पूजा पुढं करायची आणि तिच्या आड खोटं बोलायचं."

"खोटं कुठं, पूजा झालीच होती की."

"कुदळ तू मारलीस, देवा. मान माझा म्हणून मारलीस."

"ताई, दाजींच्या अर्ध्या वेळेचा विचार करा."

हे त्यानं म्हणायला नको होतं. कुंदानं फोन ठेवला. तिला त्या कागदाचा मोह झाला नाही असं नाही. रात्री दिवा मालवताना ती दत्ताच्या फोटोपुढं जरा जास्तच वेळ उभी राहिली. साडेसोळा हजार, आणि एक सही. मारेकनं तर खरं सांगितलंच असतं, कुणी विचारलं असतं तर. पण मारेकचा प्रश्न नव्हता. तिनं ज्या दिवसाला हात जोडले तोच दिवस ती सरकारी कागदावर खोटा करणार होती. सकाळी ती विलासला म्हणाली, "मी सही करणार नाही. तुम्हाला चालेल का?"

विलास बूट घालत होता. "मी तुला कर म्हटलं का?" तो म्हणाला. "कंपनीची चूक आहे, कंपनीला विचारू. भेटीची वेळ घे. मी येऊ?"

"नको. त्याला माझ्या घरात मी आणलंय."

कंपनीच्या ऑफिसात फ्राउ हाफनर, म्हणजे हाफनरबाई, भेटल्या. मालकाची मुलगी, तक्रारी त्याच बघायच्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बोलायला चांगल्या. त्यांनी कॉफी दिली. देवदत्त आधीच येऊन बसला होता, कंपनीचं निळं जॅकेट घालून. त्यानं उठून "या ताई" म्हटलं. कुंदा त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

तिची जर्मन छोट्या छोट्या वाक्यांची, किंडरगार्टनच्या मुलांशी बोलून झालेली. पण तिनं सगळं सांगितलं. तुमच्या माणसानं अर्ज गेला म्हणून सांगितलं. अर्ज गेला नव्हता. म्हणून आमचं अनुदान गेलं. ते तुम्ही भरून द्या.

फ्राउ हाफनरनी शांतपणे ऐकलं. मग फाईल उघडून एक कागद तिच्यापुढं सरकवला. "आमच्या नोंदीत हे आहे," त्या म्हणाल्या.

देवदत्तनं ऑफिसला पाठवलेला मेल होता. चार ओळी. ग्राहक बाई धार्मिक कारणासाठी २ ऑक्टोबरचाच आग्रह धरत आहेत. अर्ज अजून दाखल झालेला नाही. अनुदान जाण्याचा धोका त्यांना स्पष्टपणे समजावून सांगितला आहे. त्यांची तयारी आहे. खाली त्याचं नाव. आणि तारीख, तीस सप्टेंबर.

कुंदानं ते दोनदा वाचलं. जर्मन अवघड नव्हतं. तीस सप्टेंबर म्हणजे मंगळवार. सोमवारी त्यानं सांगितलं, बिनधास्त करा. मंगळवारी हे लिहिलं. आणि गुरुवारी येऊन तिच्या पाया पडला. म्हणजे विसरला नव्हता. कुदळ मारली तेव्हाच त्याला ठाऊक होतं की काही बिघडलं तर दोष कुणाच्या पदरात टाकायचा. तिच्या देवधर्माच्या. भाऊबिजेला पाटावर मान खाली घालून बसला होता, ती लाज नव्हती.

पैशांचा विचार त्या वेळी तिच्या मनात कुठंच नव्हता. सतरा वर्षांचे रविवार एकामागून एक डोळ्यांपुढं येत होते आणि प्रत्येक रविवारी तो कशाला हसत होता, हे तिला आठवून बघावंसं वाटत होतं.

तिनं पर्समधून मोबाइल काढला. "माझ्याकडे पण आहे," ती म्हणाली आणि सप्टेंबरमधला निरोप लावला. आधी तिचा आवाज. मग इंडिकेटरची टिकटिक आणि त्याचा आवाज. ताई, अर्ज गेलाय.

मराठीच ते. फ्राउ हाफनरना एक शब्द कळला नाही. त्यांनी साहजिकच देवदत्तकडं बघितलं. "काय म्हणताय तुम्ही यात?"

कुंदानंही त्याच्याकडं बघितलं. तिला वाटलं होतं, आता सांगेल. स्वतःचाच आवाज टेबलावर ऐकल्यावर माणूस आणखी काय करणार?

देवदत्तनं घसा साफ केला. "त्या तारखेबद्दल विचारतायत," तो जर्मनमध्ये म्हणाला, कुंदाकडं न बघता. "मी म्हणतोय, अर्जाचं काम चालू आहे, विचार करून ठरवा. सण तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल तर निर्णय तुमचा."

फ्राउ हाफनर लिहून घेऊ लागल्या.

त्याला कुंदाची जर्मन माहीत होती. किंडरगार्टनच्या नोकरीसाठी दिलेल्या जर्मनच्या परीक्षेआधी त्यानंच तर तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, रविवारी जेवण झाल्यावर, तिच्या घरच्या टेबलाशी बसून, हसत हसत. तिला कळेल, हे त्याला पक्कं माहीत होतं. ताई चारचौघांत आपल्याला खोटं पाडणार नाही, हेही त्याला तेवढंच पक्कं वाटत होतं. त्यानं त्यावरच भिस्त ठेवली होती.

"नाइन," कुंदा जर्मनमध्ये म्हणाली. नाही.

फ्राउ हाफनरचं पेन थांबलं.

"तो असं म्हणत नाही. तो म्हणतो, अर्ज गेला. तो म्हणतो, न घाबरता करा. तो म्हणतो, मी आहे." मुलांना हात धुवायला सांगावं तशी एकेक ओळ तिनं सुटी सांगितली. "आणि मी म्हणते, अर्ज गेला नसेल तर मी सण सोडते. ते त्यानं तुम्हाला सांगितलंच नाही."

मग देवदत्त मराठीत म्हणाला, अगदी हळू, "ताई, इथं नको. घरी बोलू. माझी नोकरी जाईल. वल्लरीला सातवा महिना आहे."

"मला माहीत आहे कितवा आहे ते."

"रविवारी डोहाळजेवण आहे. तुमच्याच घरी."

"होईल," कुंदा म्हणाली. "वल्लरीनं मला काही खोटं सांगितलेलं नाही."

फ्राउ हाफनरनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. शब्द एकही कळला नसेल, पण काहीतरी कळलं असावं. त्या म्हणाल्या, "फ्राउ भोईटे, दोघं दोन गोष्टी सांगताय. मला या रेकॉर्डिंगचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं भाषांतर लागेल, शिक्क्यानिशी. ते आणा. त्यात तुम्ही म्हणता तसं असेल, तर मी ते आमच्या विमा कंपनीकडं पाठवते. पैसे मिळतील असं वचन मी देत नाही."

"हो," कुंदा म्हणाली. "आणते."

बाहेर पडली तेव्हा धुकं होतं आणि बसला बारा मिनिटं होती. थांब्यावर उभं राहून तिनं उर्जाला फोन केला. उर्जानं ऐकून घेतलं. तुला सांगितलं होतं, असं ती म्हणेल म्हणून कुंदानं मन घट्ट केलं होतं, पण ती तसं म्हणाली नाही. मराठीत, अडखळत म्हणाली, "आई, तू जेवली का?" आणि पाच मिनिटांत एक नंबर शोधून पाठवला.

न्युरेम्बर्गच्या लता धर्माधिकारी. मराठीतून जर्मनमध्ये शिक्क्याचं भाषांतर करून देणाऱ्या. आवाज वयस्कर, कामापुरता. कुंदानं थोडक्यात सांगितलं. कोण बोलतंय, कुणाशी, कशाबद्दल.

"तो तुमचा कोण?" लताबाईंनी विचारलं. "नोंद करावी लागते."

कुंदा बसच्या पाटीकडं बघत राहिली. "त्या कंपनीचा माणूस," ती म्हणाली.

"ठीक. मला फक्त तुमच्या सोयीचे निरोप पाठवू नका. या कामाबद्दल त्या माणसाचे जेवढे निरोप असतील तेवढे सगळे पाठवा, अगदी नंतर आलेलेसुद्धा. मी ऐकते आणि जे आहे ते लिहिते. वाढवत नाही, गाळत नाही."

"तेच पाहिजे," कुंदा म्हणाली.

बस आली. ती खिडकीशी बसली आणि एकेक निरोप पाठवू लागली. सप्टेंबरचा पाठवला. ऑक्टोबरचे दोन पाठवले. काच धुरकट झाली होती, बाहेर सायकलींचे दिवे पुसट पुसट सरकत होते. घरी पोचल्यावर रविवारसाठी ओटीचे तांदूळ निवडायचे होते. हिरव्या बांगड्या मात्र आणून झाल्या होत्या.

तेवढ्यात मोबाइल हातात थरथरला. देवदत्तचा नवा निरोप. आवाजाचा. एक मिनिट बारा सेकंद.

एवढा लांब निरोप त्यानं तिला कधी पाठवला नव्हता. माफी असेल. नसेलही. वल्लरीचं काही असेल. कागदावर सही करा असंच पुन्हा असेल. पहिला शब्द ताई असणार, एवढं तिला न ऐकताही ठाऊक होतं.

तिनं त्यावर बोट दाबून धरलं. लता धर्माधिकारींचं नाव निवडलं आणि न ऐकताच पुढं पाठवून दिला.